शिरपेचातला तुरा कोणाचा?

एखाद्या गावची मुलगी परीक्षेत राज्यात पहिली आली, एखाद्या लेखकाला पुरस्कार लाभला, एखाद्या पैलवानाने मैदान मारले, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक वाक्य हमखास छापून येते: ‘शिरपेचात मानाचा तुरा खोवला गेला.’ ज्याच्या शिरपेचात हा तुरा खोवला जातो तो बहुधा बोडकाच असतो. शिरपेच म्हणजे नेमका कोणता दागिना, तो पगडीला कुठे बांधतात, तुरा त्याच्या आत असतो की वर, हे वाक्य छापणाऱ्याला ठाऊक नसते आणि वाचणारालाही त्याचे अडत नाही. राजे गेले, दरबार गेले, पगड्या पेटीत गेल्या. शिरपेच मात्र वाक्प्रचारात शिल्लक राहिला.

ह्या वाक्यातले शब्द एकेक करून उलगडावेत असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. कारण शिरोभूषणांविषयी आपल्याकडे अलीकडे जे बोलले आणि लिहिले जाते, त्यात अभिमान फार आणि पाहणे थोडे, असा माझा अनुभव आहे. एक पक्ष म्हणतो, पगडी ही आमच्या मातीची, तिच्यावर परक्याची सावली नाही. दुसरा पक्ष म्हणतो, छे, हे सारे मोगलांकडून उसने आणलेले. तुमचे स्वतःचे असे त्यात काहीच नाही. दोन्ही पक्ष मोठ्या आवाजात बोलतात, आणि दोघांनाही पगडी नीट दिसलेली नसते. वाङ्मयाची परीक्षा करताना आपण एखाद्या लेखकाने परक्या साहित्यातून काय घेतले एवढेच विचारून थांबत नाही. घेतलेल्याचे त्याने काय केले हे विचारतो. राजेरजवाड्यांच्या आणि सरदार-मुत्सद्द्यांच्या शिरोभूषणांना हाच न्याय लावून पाहण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्द. ‘शिरपेच’ हा शब्द पाहिला की तो संस्कृत ‘शिर’ ह्या शब्दावरून निघाला असावा असे कोणालाही वाटेल. तो फार्सी आहे. ‘सर’ म्हणजे डोके आणि ‘पेच’ म्हणजे वेढा, पीळ. मराठी जिभेने ‘सर’चे ‘शिर’ केले आणि पाहुण्याला घरच्या माणसाचे कपडे चढवले. ‘शिरपाव’ ह्या शब्दाचेही तेच. फार्सीत ‘सर-ओ-पा’ म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा, अर्थात बादशहाने दिलेला नखशिखान्त पोषाख. आपण त्याला शिर दिले, पाव दिला आणि तो आपलाच करून टाकला. ‘तुरा’ हा अरबी ‘तुर्रा’. त्याचा अर्थ कपाळावरची बट किंवा वस्त्राची झालर. ‘जिगा’ तुर्कांकडून आला. म्हणजे ज्या वाक्याने आपण आपल्या माणसाचा गौरव करतो, त्यात ‘मान’ तेवढा संस्कृत आहे. शिरपेच आणि तुरा दोन्ही दूरचे प्रवासी आहेत.

ह्याहूनही गमतीची गोष्ट मंदिलाची. जरीच्या पागोट्याला आपण मंदील म्हणतो. हा अरबी ‘मिंदील’, आणि तो अरबीतही मूळचा नव्हे. त्याचे कूळ लॅटिन भाषेत सापडते, आणि तेथे त्याचा अर्थ हात पुसण्याचे फडके असा आहे. रोमच्या पंगतीत हात पुसणारे फडके अरबस्तान-इराण करीत मराठी सरदाराच्या डोक्यावर जरतारी होऊन बसले! ‘रुमाल’ त्याचाच भाऊ. फार्सीत ‘रू’ म्हणजे तोंड आणि ‘माल’ म्हणजे पुसणारा. तो तोंड पुसणारा आपल्याकडे डोक्याला बांधायचे वस्त्र झाला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत ‘डोक्याला रुमाल’ हा सभ्य माणसाचा पोषाख होता. फडक्याला असे भाग्य दुसऱ्या कुठल्या देशात लाभले असेल असे मला वाटत नाही.

तेव्हा शब्द परके आहेत हे खरे. पण त्यावरून वस्तूही परकी ठरते काय? येथे शुद्धतेच्या अभिमान्यांच्या पारड्यात काही टाकावे लागते. डोक्याला लांब वस्त्र गुंडाळण्याची रीत ह्या देशात इराणी दरबाराच्या पुष्कळ आधीपासून आहे. अथर्ववेदातल्या व्रात्याच्या वर्णनात उष्णीष आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या भरहुतच्या शिल्पात पुरुषांच्या डोक्यांवर भरघोस पागोटी आहेत. इतक्या लांब जायला नको; लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरची दंपतीशिल्पे पाहावीत. त्या पुरुषांची पागोटी इतकी डौलदार आहेत की बांधणाऱ्याचा हात अजून त्यांवरून फिरतो आहे असा भास होतो. वस्त्र आपले, वेढा आपला, गाठ आपली.

परंतु त्याच चैत्यगृहाच्या आत जावे आणि खांबांवरचे लेख वाचावेत. त्यांतले कित्येक खांब धेनुकाकट येथे राहणाऱ्या यवनांनी दान दिलेले आहेत. बाहेर देशी पागोटी आणि आत परदेशी दाते, असे हे लेणे आहे. आणि दोन हजार वर्षे ते एकाच छपराखाली सुखाने उभे आहे. ज्यांना शुद्ध आणि अशुद्ध ह्यांची वाटणी करायची असेल त्यांनी ती कार्ल्याला जाऊन करून दाखवावी.

त्याच काळातली आणखी एक साक्ष नाशिकजवळची आहे. जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. नहपानाच्या नाण्यावर राजाचे डोके आहे. नाण्यावर राजाचे डोके उमटविण्याची ही रीत ग्रीकांकडून शक-क्षत्रपांकडे आणि त्यांच्याकडून दक्षिणेत आलेली. सातकर्णीने शत्रूच्या त्या डोक्यावर घाव घालावा तसा आपला छाप मारला. गोष्ट येथेच संपती तर वीररसाच्या नाटकाला शोभली असती. पण पुढे सातवाहनांनी स्वतःची चांदीची नाणी पाडली ती क्षत्रपांच्याच धर्तीवर, राजाच्या डोक्यासकट! जिंकणारा जिंकलेल्याचे सिंहासन घेतो तेव्हा त्याबरोबर त्याचे आरसेही घरी येतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे सोळाशे वर्षांनी ती पुन्हा घडणार आहे.

(कुषाणांची साक्ष काढता आली असती तर बरे झाले असते. पण मथुरेच्या संग्रहालयातला कनिष्काचा प्रसिद्ध पुतळा अंगरखा, जोडे आणि तलवार घेऊन उभा आहे. डोके तेवढे नाही. आमच्या विषयात तो मौन पाळतो.)

आता मोगलांकडे. मोगलांचे शिरोभूषण जणू जन्मापासून मोगलच होते अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती अशी की त्यांच्याही डोक्यावर दुसऱ्यांनी टोपी घातली होती. शेरशहाने हाकलून दिल्यावर हुमायून आश्रयासाठी इराणात गेला. तेथे १५४४ साली शहा तहमास्पने त्याला इराणी दरबाराचा बारा कळ्यांचा ताज घालायला लावला. त्या बारा कळ्या शिया पंथाच्या बारा इमामांच्या खुणा. आश्रय हवा असेल तर आमचे शिरोभूषण घाला, असा त्याचा सरळ अर्थ होता, आणि निराश्रित हुमायूनला तो कळत होता. पराभूताने डोक्यावर काय घालावे हे जेता ठरवतो, हा ह्या विषयातला पहिला आणि कडू नियम.

त्याच हुमायूनचा मुलगा अकबर. त्याची चित्रे पाहा: उंच इराणी ताज गेला आहे आणि डोक्याला घट्ट, बेताची, राजपुती वळणाची पगडी आली आहे. हा पराभव नव्हता. सत्तेच्या शिखरावर असलेल्या माणसाने स्वेच्छेने केलेली ती निवड होती. एकाच घराण्यात बापाचे शिरोभूषण नाइलाजाचे आणि मुलाचे खुशीचे. दोन्ही परकेच, पण दोहोंत किती अंतर! प्रभाव हा एकच शब्द आपण दोन्हींना लावतो, हा आपल्या टीकेचा आळस आहे.

पुढे जहांगीर. सर टॉमस रो हा इंग्रज वकील त्याच्या दरबारी होता. १६१६ साली अजमेरहून निघताना बादशहाच्या पगडीचे त्याने जे वर्णन लिहून ठेवले आहे ते एखाद्या सराफाने लिहावे तसे आहे. पगडीत बगळ्याची थोडी पण लांब पिसे, एका बाजूला अक्रोडाएवढे माणिक, दुसऱ्या बाजूला तसाच हिरा, आणि मधोमध हृदयाच्या आकाराचा पाचू. पिसे ही तोवर पिसेच होती. पण त्याच सुमारास युरोपातले जडावाचे अलंकार आणि त्यांचे नमुने मोगल दरबारी येऊ लागले होते, आणि पिसाची जागा पिसाच्या आकाराचा रत्नजडित दागिना घेऊ लागला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात तरुण शहाजहानचे, अबुल हसनने काढलेले चित्र आहे. राजपुत्राने हातात एक शिरोभूषण धरले आहे, आणि त्याची घडण युरोपीय वळणाची आहे. तो ते असे निरखतो आहे की जणू आपल्याला काय घेता येईल आणि काय सोडावे लागेल ह्याचा अंदाज करतो आहे. मला हे चित्र त्या काळच्या सगळ्या इतिहासग्रंथांहून बोलके वाटते. पुढे मोगल सोनारांनी त्या युरोपीय घडणीला पिसाची वाकण दिली, मागच्या बाजूला मिनाकामाची वेलबुट्टी चढवली, टोकाला एक मोती लोंबता सोडला. पीस इथले, वाकण पिसाची, जडाव पश्चिमेचा, मिना पुन्हा आपला. ह्याला उसनवारी म्हणायचे असेल तर सगळी कलाच उसनवारी आहे.

ह्यानंतर मराठ्यांचा प्रवेश होतो, आणि येथे काही खरोखरीचे पणाला लागलेले दिसते. १६६६ साली आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराज उभे होते. बादशहाच्या वाढदिवसाचा तो समारंभ. शहाजादे आणि बडे उमराव ह्यांना मानाचे पोषाख वाटले गेले, महाराजांना मिळाला नाही. अपमानाने ते संतापले. आणि मागाहून समजूत घालण्यासाठी पोषाख देऊ केला तेव्हा तो त्यांनी स्वीकारला नाही. कापडाच्या आणि जडावाच्या त्या तबकात काय असते हे त्यांना पुरते माहीत होते. ते घेणे म्हणजे देणाऱ्याचा हात आपल्या डोक्यावर असल्याचे मान्य करणे. म्हणून आठ वर्षांनी, १६७४ साली, त्यांनी रायगडावर स्वतःला अभिषेक करवून घेतला. कोणाच्या तबकाची वाट पाहिली नाही. दरबारातील फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश त्यांनी तयार करवला. दहा वर्गांत रचलेला तो कोश म्हणजे स्वतंत्र राज्याच्या भाषेचा जाहीरनामाच होता.

आणि तरीही त्यांच्या समकालीन चित्रांत, आम्स्टरडॅमच्या संग्रहालयात आहे त्या गोवळकोंड्याच्या शैलीतल्या चित्रातसुद्धा, महाराजांच्या डोक्यावर दिसते ते दख्खनी वळणाचे पागोटे आणि त्यावरचे पीस. कोणी म्हणेल, हा विरोध झाला. मला तो विरोध वाटत नाही. महाराजांनी परक्याचा हात डोक्यावरून झटकला. पागोटे झटकण्याचे कारण नव्हते, कारण ते दख्खनच्या सरदारांत आणि शिलेदारांत मुरून इथलेच झाले होते. आपण ज्याला अभिमानाने जिरेटोप म्हणतो तो शब्दच पाहा. ‘जिरे’ म्हणजे फार्सी ‘जिरह’, कड्यांचे चिलखत. ‘जिरेबख्तर’ ह्या शब्दातले जिरे तेच. ‘टोप’ आपला. अर्धा शब्द तिकडचा, अर्धा इकडचा, आणि तो चढला अशा मस्तकावर की आज त्या शब्दाचे कूळ विचारण्याचेही कोणाला सुचत नाही. माझ्या मते आत्मसात होणे म्हणतात ते हेच.

सामान्य जनांनी तर ह्याच्याही पुढची मजल मारली. आपल्या शाहिरांनी कलगी आणि तुरा ही दोन दरबारी आभूषणे उचलली आणि त्यांचे दोन पक्ष केले. कलगीवाल्यांनी शक्तीचा मोठेपणा गावा, तुरेवाल्यांनी शिवाचा; आणि डफ-तुणतुण्याच्या साथीत रात्ररात्र सवाल-जवाब चालावेत. बादशहाच्या पगडीतले पीस गावच्या चावडीपुढे प्रकृतिपुरुषाचा वाद घालू लागले! एखादा परका अलंकार किती खोल रुजला हे पाहायचे असेल तर राजवाड्यातल्या पेट्या उघडू नयेत, जत्रेत जावे.

पेशवाईत मात्र चित्र गुंतागुंतीचे होते. १७९२ साली महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुत्लक ह्या पदाची सनद आणि पोषाख घेऊन पुण्यास आले. बादशहाच्या नावाची मोकळी गादी मांडली होती. तिच्यावर फर्मान आणि पोषाख ठेवला होता. सवाई माधवरावांनी तिला मुजरा करून नजराणा ठेवला, आणि शेजारच्या तंबूत जाऊन ती वस्त्रे, रत्ने आणि पिसांची आभूषणे चढवली. आता ज्या शहा आलमने हा मान दिला तो कोण? १७८८ साली गुलाम कादिराने ज्याचे डोळे काढले आणि ज्याला महादजींनीच सोडवून पुन्हा तख्तावर बसवले, तो. बादशहा आंधळा, तख्त महादजींच्या आश्रयावर, आणि मान देणारा मात्र बादशहा! नाना फडणविसांना हा प्रकार रुचला नव्हता, आणि त्यांचे न रुचणे केवळ महादजींच्या मत्सरापोटी होते असे मला वाटत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी आग्र्यात जे तबक परत गेले होते, ते आता पुण्यात आपण होऊन आणवले गेले. येथे शिरपेचाची घडण बदलली नव्हती. घालणाराची मान बदलली होती.

त्याच वर्षाच्या सुमारास जेम्स वेल्स ह्या चित्रकाराने सवाई माधवरावांचे नानांसह तैलचित्र काढले. पगडीवरचे अलंकार, मोत्यांच्या माळा, सारे त्याने यथातथ्य रंगवले आहे. तरुण पेशव्याच्या चेहऱ्यावर मात्र त्या अलंकारांचे ओझे आहे. चित्रकार परका होता म्हणून त्याला ते दिसले, की ते ओझे त्यानेच घातले, हे ज्याने त्याने ठरवावे.

ह्या काळातली खरी निर्मिती मात्र दरबारी तबकांतून आलेली नाही. ती पगडबंदांच्या ओट्यावर झाली. शिंदेशाही, होळकरशाही, गायकवाडी, पुणेरी: घराण्यागणिक आणि गावागणिक पगडीला आकार आला. कुठे नावेसारखा डौल, कुठे पुढे आलेली चोच, कुठे सपाट चक्री घेर. तंजावरच्या भोसल्यांनी तर तमिळ मुलखात टोकदार वळण घेतले. सरफोजी राजांच्या तेथील संगमरवरी पुतळ्यात ते पाहावयास मिळते. माणूस नजरेच्या टप्प्यात आला की पगडीवरून त्याचे गाव, घराणे आणि चाकरी ओळखू यावी, अशी ही एक लिपीच झाली. आणि प्रत्येक लिपीप्रमाणे तिने काही लोकांना आत घेतले व काहींना बाहेर ठेवले, हेही विसरू नये.

मग टोपीकर आले. ह्या मंडळींना आपण नाव दिले तेच मुळी त्यांच्या शिरोभूषणावरून. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज ह्यांना एकत्र करून टोपीकर म्हटले आहे, आणि त्यांना व्यापाऱ्यांपेक्षा वेगळे समजून सावध राहावे असे बजावले आहे. अमात्यांना जे अठराव्या शतकाच्या आरंभी दिसले ते त्यांच्यामागून आलेल्या पुष्कळांना दिसले नाही. टोपीकरांनी पगडी काढायला सांगितले नाही. ते तिची वाहवा करू लागले, आणि हे अधिक धोक्याचे होते. १८७७ सालच्या दिल्ली दरबारात लिटनने संस्थानिकांना विलायती पद्धतीच्या ढाल-चिन्हांची निशाणे वाटली. ज्यांच्या घराण्याला जरीपटका होता त्यांच्याही हाती विलायती चित्रलिपी आली. पगडी, कलगी, शिरपेच हे तसेच राहिले, किंबहुना अधिक झगमगू लागले. पण आता ते एका मोठ्या देखाव्यातले सामान झाले होते. राजा राजासारखा दिसावा, एवढेच काम राजाकडे उरले.

ह्या काळातले एक शिल्प मला फार अस्वस्थ करते. कोल्हापूरचे तरुण राजे राजाराम महाराज विलायतेहून परतताना १८७० साली इटलीत फ्लॉरेन्स येथे वारले. आर्नो नदीच्या संगमावर त्यांचे दहन झाले आणि १८७४ साली तेथे छत्री उभारली गेली. छत्रीत त्यांचा रंगीत अर्धपुतळा आहे, डोक्यावर पगडी आहे. घडवणारा इंग्रज, भूमी इटलीची, छत्री हिंदी धाटणीची. सगळेच परके असूनही हे स्मारक खोटे वाटत नाही. कारण तेथे पगडी देखाव्यासाठी नाही. घरापासून दूर वारलेला हा कोण होता, हे सांगण्यासाठी आहे.

ह्याच्या उलट टोकाला दुसरे चित्र. इंदूरचे यशवंतराव होळकर ह्यांची बर्नार बूते द मोंव्हेल ह्या फ्रेंच चित्रकाराने दोन चित्रे काढली. एकात ते युरोपीय पद्धतीच्या संध्याकाळच्या पोषाखात, बोडके. दुसऱ्यात, १९३४ सालच्या, पांढऱ्या मराठी वेषात, होळकरी लाल पगडी घालून, गळ्यात ‘इंदूर पेअर्स’ म्हणून गाजलेले दोन हिरे. हे हिरे १९१३ साली तुकोजीराव होळकरांनी पॅरिसच्या शोमे ह्या जवाहिऱ्याकडून घेतले होते. दोन्ही चित्रे रेखीव आहेत, पण दुसऱ्यातली पगडी मला कपाटातून क्षणभर काढलेल्या वस्तूसारखी दिसते. पहिल्या चित्रातला माणूस जगतो आहे, दुसऱ्यातला बसवलेला आहे. पॅरिसचा प्रभाव वाईट होता असे मी म्हणत नाही. ह्याच महाराजांनी इंदूरला बांधवून घेतलेला माणिकबाग राजवाडा आधुनिक वास्तुकलेत नाव मिळवून राहिला आहे. त्यांच्या जगण्यातून पगडी आधीच उठून गेली होती, आणि चित्रकाराने ते प्रामाणिकपणे दाखवले, इतकेच.

ह्या दोहोंच्या मध्ये बडोद्याचे सयाजीराव उभे आहेत. १९११ च्या दिल्ली दरबारात सगळे संस्थानिक रत्नांनी लवले असता ते साध्या पांढऱ्या पोषाखात, अलंकार आणि बिरुदे न घालता गेले, एकदाच लवून मागे फिरले. त्यावरून केवढे काहूर उठले आणि त्यांना खुलाशाचे पत्रही लिहावे लागले. पण शिरपेच न घालणे हेसुद्धा शिरपेचाच्याच भाषेतले एक वाक्य असू शकते, हे त्या दिवशी दिसले.

प्रवाह एकाच दिशेने वाहत होता असेही समजू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल प्वारे ह्या पॅरिसच्या वेषकाराने लंडनच्या संग्रहालयातल्या हिंदी पगड्यांचे नमुने उतरवून घेतले आणि फ्रेंच बायकांच्या डोक्यांवर पागोटी चढवली, पिसांसकट! आपल्याकडचा पुरुषी दरबारी दिमाख तिकडे जाऊन मेजवानीतल्या बायकांची हौस झाला. तेथल्या कोणा शुद्धतावाद्याने त्याबद्दल शोक केल्याचे ऐकिवात नाही.

शुद्धतेच्या हट्टाचे काय होते ह्याचे उत्तम उदाहरण तुर्कस्तानात सापडते. तांबडी गोंडेदार तुर्की टोपी मूळची उत्तर आफ्रिकेतली. सुलतान दुसऱ्या महमूदने ती १८२० नंतरच्या दशकात पागोट्याऐवजी सक्तीने आणली, तेव्हा लोकांना ती धर्मबुडवी वाटली. शंभर वर्षांनी, १९२५ साली, केमाल पाशाने तीच टोपी कायद्याने बंद करून हॅट आणली, तेव्हा लोक त्या टोपीसाठी धर्माच्या नावाने उठले! मधल्या काळात त्या टोप्या मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रियात तयार होऊन येत होत्या. परंपरा म्हणून आपण जिच्यासाठी भांडतो ती पुष्कळदा आजोबांच्या आजोबांची सक्ती असते.

हे सांगण्याचे कारण आपल्याकडेही असे वाद ताजे आहेत. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०१८ साली त्याच पुण्यात, सत्कार पुणेरी पगडीने करावा की फुले पगडीने, ह्यावर सभा गाजली. तो वाद उगीच होता असे मी म्हणणार नाही. ज्या लिपीने पिढ्यान्‌पिढ्या काहींना बाहेर ठेवले, तिच्याबद्दल बाहेर राहिलेल्यांनी प्रश्न विचारायचे नाहीत तर कोणी? परंतु त्या वादात दोन्हीकडून पगडी ही जणू आकाशातून पडलेली अविकारी वस्तू आहे असे गृहीत धरले जाते. ती कधीच तशी नव्हती. कार्ल्यापासून कलगी-तुऱ्यापर्यंत ती बदलत आली म्हणून तर टिकली.

माझी तक्रार आहे ती वेगळ्याच ठिकाणी. आपली ऐतिहासिक नाटके आणि चित्रपट पाहावेत. ड्रेपरीवाल्याच्या पेटाऱ्यातून एकच पगडी निघते आणि ती शहाजीराजांपासून दुसऱ्या बाजीरावापर्यंत सर्वांच्या डोक्यांवर फिरते. मोत्यांच्या माळा जितक्या अधिक तितका इतिहास जाज्वल्य, असा हिशेब. खलपुरुषाच्या डोक्यावर मात्र हिरवे पागोटे आणि काळे पीस, म्हणजे प्रेक्षकाला विचार करण्याचे कष्ट नकोत. दीडशे वर्षांच्या देवघेवीचा, मानापमानाचा, नाकारलेल्या आणि मागून घेतलेल्या तबकांचा सारा इतिहास ह्या चकाकीखाली गाडला जातो. परक्यांच्या प्रभावाने आपल्या शिरोभूषणांचे जेवढे नुकसान झाले नाही तेवढे ह्या आपल्याच भक्तीने केले आहे.

लग्नसराईतही थोड्याफार फरकाने हेच दिसते. शिवलेले तयार फेटे टोपीसारखे डोक्यावर ठेवायचे आणि छायाचित्र निघाले की काढून ठेवायचे. पण येथे मी निराश नाही. कित्येक घरांत अजून फेटे बांधणारा बोलावतात. तो दाराशी बसतो, नऊ-दहा वारांचे वस्त्र हातभर लांब ताणून पीळ देतो, आणि एकामागून एक डोकी त्याच्यासमोर वाकतात. अलीकडे त्या रांगेत लेकी-सुनाही हौसेने उभ्या राहतात. कुणी म्हाताऱ्या आत्याबाई नाक मुरडतात, कुणी स्वतःच पुढे होऊन बसतात. राजवाड्यात पुरुषांपुरते असलेले हे भूषण अंगणात सर्वांचे होते आहे. उद्याचा कोणी टीकाकार ह्यालाही पाश्चात्य प्रभाव म्हणेल, म्हणो बापडा.

डोक्यावरच्या वस्त्राचे कूळ शोधत गेले तर रोमचे फडके निघते, इराणचा पीळ निघतो, युरोपचा जडाव निघतो आणि कार्ल्याची गाठही निघते. त्यातले कोणते आपले, ह्याचे उत्तर कुळावरून मिळत नाही. जे दुसऱ्याने आपल्या डोक्यावर ठेवले ते कितीही देशी असले तरी परके, आणि जे आपण आपल्या हाताने बांधले ते कुठूनही आलेले असो, आपले. तयार, शिवलेल्या अभिमानापेक्षा तो वेढा रोज नव्याने बांधावा लागतो, ह्यात त्रास आहे खरा. पण पगडबंदाला विचारा. तो सांगेल की सैल झालेली पगडी पुन्हा बांधता येते, शिवलेली उसवली की टाकून द्यावी लागते.